विखुरलेल्यांची साक्ष

एखाद्या गांवीं दरवडा पडला, घरांना आगी लागल्या, निम्मीं माणसें जीव मुठींत धरून दाही दिशांस पांगलीं आणि निम्मीं तेथेंच राखेंत राहिलीं. पुढें बऱ्याच वर्षांनीं त्या दरवड्याची चौकशी गांवच्या चावडीवर बसली, तर साक्ष कोणाची घ्यावयाची? जे राहिले त्यांची तर घ्यावयाचीच. पण जे पळून दूर देशीं गेले त्यांनाहि बोलवावयाचें काय? राहिलेला म्हणतो, "तुम्ही सुटलांत, सोसलें तें आम्हीं, आतां तुमचा येथें काय संबंध?" गेलेला म्हणतो, "माझें घर जळालें, माझा बाप अंगणांत पडला. मी गेलों तो कांहीं हौसेनें गेलों नाहीं." दोघांचेंहि म्हणणें खरें आहे. हाच प्रश्न एका सबंध राष्ट्रापुढें उभा राहिला, आणि त्यानें जो मार्ग चोखाळला तो न्यायाचा विचार करणाऱ्या प्रत्येकानें समजून घेण्यासारखा आहे. तें राष्ट्र म्हणजे पश्चिम आफ्रिकेंतील लायबेरिया.

सिएरा लिओन आणि आयव्हरी कोस्ट यांच्यामध्यें समुद्रकांठीं हा लहानसा देश वसलेला आहे. त्याचा जन्मच मुळीं विखुरलेल्या माणसांच्या हातून झाला. गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना अमेरिकेंतून आफ्रिकेंत नेऊन वसवावें या हेतूनें स्थापन झालेल्या एका मंडळानें १८२२ सालीं येथें वसाहतीचा पाया घातला. अमेरिकेचे अध्यक्ष मन्रो यांच्यावरून राजधानीस मन्रोव्हिया हें नांव पडलें, आणि २६ जुलै १८४७ रोजीं लायबेरियानें आपलें स्वातंत्र्य जाहीर केलें. देशाच्या नांवाचा अर्थच मुक्तांची भूमि असा आहे. परंतु समुद्रापलीकडून आलेल्या या मुक्तांनीं त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळच्या जमातींना बरोबरीनें वागविलें नाहीं. आगंतुकांचे वंशज संख्येनें मूठभर; तरी सव्वाशें वर्षांहून अधिक काळ राज्याचीं सूत्रें त्यांच्याच हातीं राहिलीं. पायांतच पडलेली ही भेग पुढें रुंदावत गेली.

१२ एप्रिल १९८० रोजीं सॅम्युएल डो नांवाच्या एका सार्जंटानें आपल्या साथीदारांसह अध्यक्षांच्या निवासस्थानीं शिरून सत्ता बळकावली. अध्यक्ष टॉल्बर्ट मारले गेले. दहा दिवसांनीं तेरा वरिष्ठ अधिकाऱ्यांना मन्रोव्हियाच्या समुद्रकिनाऱ्यावर खांबांना बांधून गोळ्या घालण्यांत आल्या. डो हा मूळच्या जमातींतून आलेला राज्यकर्ता. पण त्यानेंहि न्यायाचें राज्य न करतां आपल्या जमातीचें राज्य केलें. १९८९ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशीं चार्ल्स टेलर यांच्या बंडखोरांनीं आयव्हरी कोस्टच्या बाजूनें निंबा प्रांतांत प्रवेश केला आणि यादवी पेटली. २९ जुलै १९९० च्या रात्रीं मन्रोव्हियांतील सेंट पीटर्स लूथरन चर्चमध्यें आसऱ्यास आलेल्या सुमारें ६०० स्त्रीपुरुषांची आणि मुलांची सरकारी सैनिकांनीं कत्तल केली. बंडखोरांच्या टोळ्या वाढत गेल्या आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातीं बंदुका आल्या. १९९७ मध्यें टेलर निवडणुकीनें अध्यक्ष झाले. १९९९ मध्यें लढाई पुन्हां भडकली आणि २००३ पर्यंत चालली. या दोन युद्धांत सुमारें अडीच लाख माणसें मेलीं असावींत, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

जीं वांचलीं त्यांतील लाखों माणसें घरदार सोडून गेलीं. शेजारच्या गिनी, आयव्हरी कोस्ट, सिएरा लिओन या देशांत त्यांच्या छावण्या पडल्या. घाना देशांत अक्रा शहरापासून थोड्या अंतरावर बुदुबुराम येथें १९९० सालीं एक छावणी उघडण्यांत आली. तंबूंचीं घरें झालीं, घरांच्या गल्ल्या झाल्या, आणि हजारों मुलें तेथेंच जन्मून मोठीं झालीं. कांहीं जण त्याहून दूर, अमेरिकेंत पोंचले. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कचें स्टेटन बेट, ऱ्होड आयलंड आणि उत्तरेकडील बर्फाळ मिनेसोटा येथें लायबेरियन वस्त्या उभ्या राहिल्या. अमेरिकेनें १९९१ मध्यें यांतील अनेकांना तात्पुरतें राहण्याची परवानगी दिली. परंतु हा 'तात्पुरता' शब्द पुढें जवळजवळ तीस वर्षें त्यांच्या मानेवर टांगलेला राहिला. मुदत सरत आली कीं जीव खालींवर व्हावयाचा. पुढची मुदत मिळाली कीं पुन्हां कांहीं महिने श्वास घ्यावयाचा. त्यांना कायमचें राहतां यावें असा कायदा २०१९ च्या डिसेंबरांत झाला. तोंपर्यंत ज्या मुलांना हाताशीं धरून माणसें आलीं होतीं, त्या मुलांनाहि मुलें झालीं होतीं.

युद्ध थांबलें तें केवळ सेनापतींच्या शहाणपणानें थांबलें नाहीं. २००३ च्या उन्हाळ्यांत मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानांत ख्रिस्ती आणि मुसलमान स्त्रिया पांढरीं वस्त्रें लेवून रोज उन्हापावसांत बसूं लागल्या. त्यांचें मागणें एकच: शांतता. लेमा बोवी ही त्यांची एक पुढारी. तिला २०११ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. तह ठरविण्यासाठीं अक्रा येथें पुढारी जमले आणि आठवड्यांमागून आठवडे घालवूं लागले, तेव्हां या स्त्रियांनीं सभागृहाचीं दारें अडवून धरलीं. लायबेरियाहून आलेल्या स्त्रियांच्या जोडीस घानामधील छावण्यांतून आलेल्या निर्वासित स्त्रियाहि तेथें होत्या. देशांत राहिलेल्या आणि देश सोडून आलेल्या अशा दोघीजणी एकाच दारांत बसल्या, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ऑगस्टमध्यें टेलर यांनीं पद सोडलें आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेस तह झाला. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांनीं तेथें शांतिसेना ठेविली. तींत २००७ पासून २०१६ पर्यंत भारताच्या स्त्री-पोलिसांची एक तुकडी होती. केवळ स्त्रियांचें असें पोलीस-पथक संयुक्त राष्ट्रांच्या कामगिरीवर प्रथमच गेलें, हें येथील श्रोत्यांस अभिमानानें सांगतां येईल.

लढाई संपली म्हणजे न्याय झाला असें नव्हे. जुलमाच्या राजवटींतून किंवा यादवींतून बाहेर पडणाऱ्या राष्ट्रापुढें मोठें संकट असतें. अपराधी हजारोंनीं असतात, न्यायालयें मोडून पडलेलीं असतात, आणि ज्यांनीं माणसें मारलीं तेच पुष्कळदां तहाच्या कागदावर सह्या करणारे असतात. सर्वांस शिक्षा करूं म्हटलें तर युद्ध पुन्हां पेटण्याची भीति. सर्वांस क्षमा करूं म्हटलें तर मेलेल्यांचा आणि जित्यांचा अपमान. अशा वेळीं सत्याचा शोध, मुख्य अपराध्यांस शासन, पीडितांस भरपाई आणि राज्यकारभाराची सुधारणा या चार गोष्टींची सांगड घालण्याच्या प्रयत्नास संक्रमणकालीन न्याय असें म्हणतात. लायबेरियानें २००५ सालीं कायदा करून सत्य व समेट आयोग नेमला. नऊ सभासदांच्या या आयोगानें जानेवारी १९७९ पासून ऑक्टोबर २००३ पर्यंतच्या अत्याचारांची चौकशी करावयाची होती.

आयोगापुढें आरंभींच दरवड्याच्या गांवचा तो प्रश्न आला. देशाचा इतका मोठा भाग बाहेर असतांना केवळ आंत राहिलेल्यांच्या साक्षींवर सत्य लिहिलें, तर तें अर्धें सत्य होईल. परंतु ज्या देशांत राजधानीलाहि धड वीज नव्हती, त्यानें समुद्रापलीकडे साक्षी नोंदवावयाच्या कशा? हें काम अमेरिकेंतील मिनियापोलिस शहरच्या एका लोकसंस्थेनें अंगावर घेतलें. 'मानवी हक्कांचे पुरस्कर्ते' असा तिच्या नांवाचा अर्थ आहे. तिनें आयोगाशीं करार केला, वकील, शिक्षक, विद्यार्थी आणि लायबेरियन समाजांतील कार्यकर्ते मिळून शेंकडों स्वयंसेवक तयार केले आणि त्यांना साक्ष कशी घ्यावी याचें शिक्षण दिलें. अमेरिकेंतील निरनिराळीं शहरें, इंग्लंड आणि घानामधील बुदुबुराम छावणी येथून मिळून १,६०० हून अधिक जबान्या जमा झाल्या. सरकारी हुकुमाची सक्ति नाहीं, कोर्टाचें समन्स नाहीं; ज्याला सांगावेंसें वाटलें त्यानें सांगावें आणि ज्यानें ऐकण्याचें पत्करलें त्यानें लिहून घ्यावें, असें हें काम होतें.

तें दिसतें तितकें सोपें नव्हतें. पहिली अडचण भयाची. ज्याचा अमेरिकेंतील मुक्कामच तात्पुरता, त्याला एखाद्या परक्या वकिलानें कागद पुढें करून "काय घडलें तें सांगा" म्हटलें, तर त्या कागदाचा उपयोग उद्यां आपल्यालाच हांकलून देण्यासाठीं होणार नाहीं कशावरून? दुसरी अडचण अविश्वासाची. परदेशींच्या समाजांतहि जमातीजमातींचे आणि पक्षोपपक्षांचे जुने तट होते; साक्ष नोंदविणारा कोणत्या तटाचा, हें आधीं पाहिलें जाई. तिसरी अडचण सर्वांत नाजूक. पंधरा वर्षें जें दुःख पोटांत दाबून माणसानें नवी नोकरी धरली आणि मुलांना शाळेंत घातलें, तें एका बैठकींत बाहेर काढल्यावर रात्रीं त्याला झोंप कशी यावी? म्हणून साक्षीदारानें आपलें नांव गुप्त ठेवावयाचें म्हटल्यास तशी सोय ठेवावी लागली, आणि साक्षीनंतर त्याला धीर देणारें माणूस जवळ असावें याचीहि काळजी वाहावी लागली. चांगला शिक्षक मुलाकडून उत्तर ओढून काढीत नाहीं, तें येईपर्यंत थांबतो; साक्ष घेणाऱ्यालाहि तसें थांबण्यास शिकावें लागलें.

जून २००८ मध्यें आयोगाचे सभासद स्वतः मिनेसोटांतील सेंट पॉल शहरीं आले आणि तेथील हॅमलाइन विद्यापीठांत त्यांनीं उघड सुनावणी केली. मायदेशाच्या आयोगानें परदेशांत बैठक मांडून देशांतरितांच्या साक्षी चारचौघांत ऐकाव्यात, हा प्रकार जगांत जवळजवळ नवाच होता. दुसऱ्या देशांच्या आयोगांनीं देशाबाहेरील निर्वासितांच्या जबान्या याआधींहि थोड्याफार घेतल्या होत्या; पण इतक्या पद्धतशीरपणें नाहीं. पुढें कोलंबियाच्या सत्य आयोगानें हाच धागा उचलला आणि २०२२ च्या आपल्या अहवालाचा एक सबंध खंड देशत्याग करावा लागलेल्यांस वाहिला.

या साक्षींतून काय निष्पन्न झालें? पहिलें हें कीं, अत्याचार सीमेवर संपत नाहीं. नाक्यानाक्यांवर नांव आणि जमात विचारून माणसें निवडून मारलीं गेलीं, हें आंतल्या साक्षींतहि होतें. पण छावणींतली उपासमार, परक्या पोलिसांचा जाच, कुटुंबाचे तीन खंडांत झालेले तुकडे, आईला न ओळखणारीं मुलें, हा त्याच जखमेचा दुसरा भाग बाहेरच्यांशिवाय कोण सांगणार? दुसरी गोष्ट कटु होती. देशांतरित समाज हा केवळ पीडितांचा समाज नव्हता. अमेरिकेंतल्या सुरक्षित खोल्यांत बसून कांहींनीं युद्धास पैसा आणि पाठिंबा पुरविला होता. पुढें अध्यक्षपदीं निवडून आलेल्या एलेन जॉन्सन सर्लीफ यांनींहि २००९ मध्यें आयोगापुढें येऊन, टेलर यांच्या उठावास आरंभीं आपला पाठिंबा होता हें कबूल केलें आणि त्याबद्दल खेद दर्शविला. दूर राहणाऱ्यास रागाची किंमत स्वतःच्या घरानें द्यावी लागत नाहीं. म्हणून कधीं कधीं त्याचा राग राहिलेल्यापेक्षां अधिक पेटता असतो. आणि तिसरी गोष्ट याहून विलक्षण: ज्यांनीं छळ केला त्यांतील कित्येकहि निर्वासित म्हणून त्याच शहरांत येऊन राहिले होते. ज्या बाजारांत विधवा भाजी घेई, त्याच बाजारांत तिच्या नवऱ्याचा मारेकरीहि भाजी घेत असण्याचा संभव होता.

संस्थेनें आपला अहवाल २००९ मध्यें प्रसिद्ध केला. त्याचें नांव 'दोन खोल्यांचें घर' अशा अर्थाचें आहे. एक खोली मायदेशाची, एक परदेशाची. छप्पर मात्र एकच. त्याच वर्षीं आयोगाचाहि अंतिम अहवाल आला. प्रमुख अपराध्यांवर खटले चालविण्यासाठीं खास न्यायालय स्थापावें, खेड्यापाड्यांतून आपल्याकडील चावडीसारख्या पारंपरिक बैठकी भरवून लहान अपराध्यांचा समेट घडवावा, आणि युद्धास पाठिंबा देणाऱ्या कित्येक व्यक्तींना तीस वर्षें सार्वजनिक पदापासून दूर ठेवावें, अशा त्याच्या शिफारशी होत्या. या शेवटच्या यादींत खुद्द अध्यक्षा सर्लीफ यांचें नांव होतें. पुढें काय झालें हें ओळखणें कठीण नाहीं. २०११ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें पदबंदीची ती शिफारस घटनाबाह्य ठरविली. खास न्यायालयाची गोष्ट दप्तरांत पडून राहिली. आणि अहवालांत ज्यांचीं नांवें होतीं त्यांतील कांहीं जण विधिमंडळांत सन्मानानें बसत राहिले. तहानंतरच्या वीस वर्षांत युद्धकाळच्या अत्याचारांबद्दल लायबेरियाच्या भूमीवर एकाहि माणसावर खटला चालला नाहीं.

तर मग त्या सोळाशें जबान्या वायां गेल्या काय? येथें लोकसंस्थांच्या चिकाटीची खरी परीक्षा झाली. मन्रोव्हियांतील लायबेरियन कार्यकर्त्यांची एक संस्था आणि जिनीव्हा येथील वकिलांची एक संस्था यांनीं २०१२ पासून एकत्र येऊन पुरावे गोळा करण्यास आरंभ केला. घरचीं दारें बंद असतील तर अपराधी जेथें राहतो तेथील दार ठोठवावें, हें त्यांचें धोरण. स्वित्झर्लंडमध्यें राहणारा माजी सेनानी आलियु कोसाया यास जून २०२१ मध्यें तेथील न्यायालयानें वीस वर्षांची शिक्षा दिली, आणि २०२३ मध्यें अपिलांतहि ती कायम झाली. फिलाडेल्फियानजीक शांतपणें धंदा करीत राहणारा मोहम्मद जब्बाते यास २०१८ मध्यें तीस वर्षांची कैद झाली. लायबेरियांतून आलेल्या साक्षीदारांनीं न्यायालयांत उभें राहून तो कोण होता हें सांगितलें. लूथरन चर्चच्या कत्तलींतून वांचलेल्या चौघांनीं २०१८ मध्यें पेनसिल्व्हेनियांत एका माजी कर्नलाविरुद्ध दिवाणी दावा लावला. २०२१ मध्यें त्याची जबाबदारी शाबीत झाली आणि पुढच्या वर्षीं ८ कोटी ४० लाख डॉलरांची भरपाई ठरली. तो पैसा त्यांच्या हातीं पडेल न पडेल. परंतु त्या रात्रीं काय झालें हें एका न्यायाधीशानें लिहून ठेविलें, हें त्यांना एकतीस वर्षांनीं लाभलें.

या यशाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. जब्बाते यास शिक्षा झाली ती माणसें मारल्याबद्दल नव्हे, तर अमेरिकेंत आश्रय मागतांना खोटें बोलल्याबद्दल. कारण तेथील कायद्याच्या हातीं तेवढेंच होतें. चार्ल्स टेलर यांस २०१२ मध्यें पन्नास वर्षांची शिक्षा झाली, ती शेजारच्या सिएरा लिओनमधील अत्याचारांबद्दल. आपल्या देशबांधवांवरील अत्याचारांचा जाब त्यांना कोणत्याहि न्यायालयानें विचारलेला नाहीं. फिनलंडमधील एका खटल्यांत पुरावा अपुरा पडून आरोपी सुटला. वीस-तीस वर्षांनीं तारखा आणि ठिकाणें साक्षीदारांच्या मनांत धूसर होतात. शिवाय परक्या देशच्या न्यायालयांत, परक्या भाषेंत होणारा न्याय निंबा प्रांतांतल्या शेतकऱ्याच्या कानावर पोंचतो किती? राहिलेल्या माणसाला आपल्या गांवच्या वाटेवरून जातांना मारेकऱ्यास रामराम करावा लागतो; त्याचें दुःख जिनीव्हाचा वकील दूर करूं शकत नाहीं. बाहेरच्यांनीं हेंहि विसरूं नये कीं, त्यांच्या आवाजाला वर्तमानपत्रें आणि पैसा यांचें बळ असतें. आंतल्याचा आवाज त्याखालीं दबतां कामा नये.

तरीहि या सर्व हकीकतींतून एक गोष्ट निश्चित दिसते. साक्ष घेणें हें कर्ज घेण्यासारखें आहे. ज्यानें आपलें सर्वांत मोठें दुःख परक्यापुढें उघडें केलें, त्याचे आपण ऋणको होतों. आणि "ऐकलें, लिहिलें, कपाटांत ठेविलें" एवढ्यानें तें ऋण फिटत नाहीं. सरकारें बदलतात, आयोगांची मुदत संपते. परंतु हें ऋण वहींत मांडून ठेवणारे आणि दरवर्षीं त्याची आठवण देणारे लोक हवे असतात. तें काम लायबेरियांत आणि लायबेरियाबाहेर नागरिकांच्या संस्थांनीं केलें, आणि म्हणूनच विषय मिटला नाहीं. मे २०२४ मध्यें अध्यक्ष जोसेफ बोआकाय यांनीं युद्धगुन्ह्यांच्या व आर्थिक गुन्ह्यांच्या न्यायालयाची पूर्वतयारी करणारें कार्यालय स्थापण्याचा हुकूम काढला. जुलै २०२५ मध्यें त्यांनीं राष्ट्राच्या वतीनें युद्धपीडितांची जाहीर क्षमा मागितली. क्षमायाचना म्हणजे न्यायालय नव्हे, आणि कार्यालय म्हणजे निकाल नव्हे; पण आयोगाच्या अहवालास पंधरा वर्षें होऊन गेल्यावरहि राज्यकर्त्यास हें बोलावें लागलें, यांत त्या जबान्यांचा वांटा आहे.

आज बुदुबुरामच्या छावणींत तरुणपणीं आलेली बाई म्हातारी झाली आहे. मिनेसोटांत बर्फ झाडणाऱ्या हातांना मन्रोव्हियाच्या समुद्राची वाळू आठवते. त्यांतील अनेक साक्षीदार निकाल न पाहतांच जगांतून गेले आणि रोज कोणी ना कोणी जात आहे. न्यायास उशीर होऊं शकतो, साक्षीदारांच्या आयुष्यास मात्र मुदतवाढ मिळत नाहीं. दोन खोल्यांच्या त्या घराचा न्याय घराच्या अंगणांतच व्हावयास हवा, आणि तो होईल त्या दिवशीं दोन्ही खोल्यांतलीं माणसें तेथें हजर असावयास हवींत. तोंपर्यंत ज्यांनीं त्यांचें म्हणणें लिहून घेतलें, त्यांनीं ती वही मिटूं नये.